टँकरचं गाणं

तापलेल्या मातीवर पाणी सांडल्याचा वास आला की जतजवळच्या आमच्या चर्चमधला एक रविवार आठवतो. येशूच्या जिवंत पाण्यावरचं एक नवं गाणं तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. पाण्याचा टँकरवाला ख्रिस्ती नव्हता, तरी गावात शिरताना तेच मोठ्यानं लावायचा. त्या दिवशी उपासनेत मी पहिल्यांदाच ते गिटारवर धरलं, आणि मागच्या चार बायका घागरी आणायला उठून पळाल्या. मी ओशाळून थांबले. पाळकांच्या आईंना जुन्या गीतांखेरीज काही खपत नसे. पण त्याच म्हणाल्या, “थांबलीस का गं? वाजीव. इतकी वर्सं आमी गातोय, बाया अशा कवा उठल्या न्हाईत.” आता मी मोठ्या सभांत गाते, टाळ्याही पडतात. घागर आणायला मात्र कुणी धावत नाही.