पंख्याने पुसलेली डिस्क

माणसाला नाव एक ठेवतात आणि चिकटतं ते दुसरंच. याला सगळे पंख्या म्हणत. लहानपणी यानं घरातला टेबलपंखा उघडला, पुन्हा जोडला, आणि तो फिरूही लागला. फक्त मूठभर स्क्रू शिल्लक राहिले. "बनवणाऱ्यानंच जास्तीचे घातले होते," असं त्याचं तेव्हाचं उत्तर. त्या उत्तरावर घर अजून हसतं. पण नीट ऐकलं तर त्यात माणूस कळतो. हाताला गुण होता, आणि चूक कधीच स्वतःची नव्हती.

शाळा अर्धीच झाली, पण हात शिकत राहिला. पुढे त्यानं बाजारात एका जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलं. लग्न केलं नाही. मोठ्या भावाकडेच राहायचा. दादा सुतार, बोलण्यात रंध्यासारखा. लागला की साल निघायचीच. वहिनीचं भरतकामाचं मशीन पुढच्या खोलीत, खिडकीशी. ती लॅपटॉपवर डिझाईन काढायची, पेनड्राईव्हवर घेऊन मशीनला द्यायची, आणि सुई तेच दोऱ्यात उतरवायची. पानं, वेली, पिसं. इतरांची पानं कापडावर चिकटवल्यासारखी दिसायची, वहिनीच्या पानांना वारा लागलेला असायचा. लग्नानंतरच्या साऱ्या वर्षांची तिची कमाई त्या लॅपटॉपात होती.

तो लॅपटॉप मंद झाला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, याला एक वेल उघडायला सांगावी आणि आपण भात टाकून यावं. तरी हा आपला विचारच करतोय."

"पुसून नव्यानं बसवतो," पंख्या म्हणाला. "आधी सगळं दुकानातल्या मोठ्या मशीनवर कॉपी करतो. घर रंगवायचं असलं की लेकरं माहेरी धाडतात ना, तसं."

"माहेरी नीट ठेवा म्हणजे झालं."

पंख्यानं दोन मशीन केबलनं जोडली. स्क्रीनवरचं सगळं घेतलं, कागदपत्रं घेतली, फोटो घेतले. प्रत्येक गिऱ्हाइकाचं तो हेच घ्यायचा. स्क्रीनवर वहिनीचा एक फोल्डर होता, त्यात ओळीनं सगळ्या डिझाईनची चित्रं. तोही आला. पण ती चित्रं म्हणजे नुसत्या दारावरच्या पाट्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात बारीक बाण होता, आणि बाण म्हणजे खरी वस्तू दुसरीकडे आहे. भरतकामाचा प्रोग्राम खऱ्या फायली स्वतःच्या पोटात ठेवायचा. प्रोग्राम काय, पुन्हा टाकता येतो, म्हणून पंख्यानं तो घेतलाच नाही.

त्या बाणाचा अर्थ त्याला झोपेतही सांगता आला असता. परक्याचं काम असतं तर पुसण्याआधी कॉपीतली एखादी फाईल उघडून बघितली असती. पण घरचं काम होतं. घरच्या कामाला कोण जाब विचारतो? त्यानं डिस्क पुसली, नवं सगळं बसवलं आणि कॉपी परत टाकली.

लॅपटॉप हरणासारखा पळायला लागला. वहिनी खूश झाली. मग तिनं एका चित्रावर बोट दाबलं. काही उघडलं नाही. दुसऱ्यावर दाबलं, तिसऱ्यावर दाबलं.

पंख्याची नजर चित्राच्या कोपऱ्यातल्या बाणावर गेली. त्याला सगळं त्याच क्षणी कळलं, आणि त्याच क्षणी तोंड बोलून गेलं, "डिस्कच सडलेली होती, वहिनी. फायली आधीच गेल्या होत्या आतल्या आत."

दादा दारातच होता. तो बायकोकडे वळला. "इतकी वर्षं हा ओरडतोय, दुसरीकडे कॉपी ठेवा, दुसरीकडे कॉपी ठेवा. ऐकलंस कधी? आता बस दोरे गुंडाळत!"

वहिनी हळूच म्हणाली, "खरंय. माझीच हयगय."

पंख्यानं पुसलेल्या डिस्कमधून फायली परत काढायचा प्रयत्न केला. निघाल्या त्या तुटक्या. देठ होता तर पान नव्हतं. वहिनीनं आधी भरलेल्या कापडांचे जुने तुकडे गोळा केले, भिंग घेऊन टाके बघत एकेक डिझाईन पुन्हा काढायला बसली. डोळे लाल व्हायचे. पंख्या जाता-येता विचारायचा, "चहा टाकू का?" ती म्हणायची, "तुम्ही कशाला? तुम्ही केलं तेवढं पुष्कळ केलंत." ते ऐकलं की तो तसाच दुकानात निघून जायचा.

एवढ्यावर भागलं असतं, तर कदाचित त्यानं दडपलंही असतं. पण दुकानात गिऱ्हाइकं वाढायला लागली. एक शिक्षिकाबाई लॅपटॉप छातीशी धरून आल्या. "याची कॉपी करून द्या हो. तुमच्या वहिनींनी दटावून पाठवलंय. म्हणाल्या, माझ्यासारखा आळस करू नका, आमच्या भाऊजींचं ऐका."

"वहिनी असं म्हणाल्या?"

"आमच्या अख्ख्या गल्लीला सांगतात. स्वतःची फजिती अशी उघड सांगणारी बाई विरळाच."

पंख्यानं बाईंचा लॅपटॉप उघडला आणि पुन्हा मिटला. "उद्या या," म्हणाला, आणि शटर ओढून भर दुपारी घरी आला.

मशीन चालू होतं. तो उभ्यानंच बोलला, नाहीतर बोलला नसता. "वहिनी, डिस्क चांगली होती. मी फक्त पाट्या कॉपी केल्या. घर मागेच राहिलं, आणि मी ते पुसलं. बघितलंसुद्धा नाही. वर खोटं बोललो."

वहिनीनं मशीन बंद केलं. सुईखाली पीस अर्धंच राहिलं.

"चूक कुणाच्याही हातून होते, भाऊजी," ती म्हणाली. "पण यांची बोलणी मी खात होते, आणि तुम्ही समोर बसून भाकरी खात होतात."

तिनं सुईतला दोरा कापला.

"मला सांगितलंत, आता त्यांना सांगा. माझ्यादेखत."

दादा जेवायला आल्यावर पंख्यानं सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला. भावावर तो ओरडला नाही. ओरडला असता तर पंख्याला बरं वाटलं असतं. तो बायकोकडे वळला, म्हणाला, "मी तुला नाही नाही ते बोललो."

"बोललात," वहिनी म्हणाली. "जेवा आता."

जेवण उरकल्यावर तिनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि चपला पायात सरकवल्या. "चला दुकानात. नवी काढलेली डिझाईन कॉपी करायचीत. मी करणार. तुम्ही नुसतं सांगायचं, हात लावायचा नाही."

जिन्याखालच्या त्या खोलीत पंख्या हात पाठीमागे बांधून उभा राहिला. केबल तिनंच लावली. ती विचारायची, "हे कुठे असतं?" आणि तो सांगायचा. एकदा तिचं बोट चुकीच्या ठिकाणी गेलं, त्याचा हात आपसूक पुढे झाला.

"मागे," वहिनी म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला.