मोराच्या मानेवरचे ठिपके

नववीत शाळा सोडून वाशीमहून नाशकात मावशीकडे आले आणि काकांच्या रेडियमच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसले, ती 'सगळं येतं' असं सांगून. येत होतं ते माउस धरणं. काका मूळचे पाट्या रंगवणारे पेंटर. रेडियमचे स्टिकर कापायचं मशीन हौसेनं घेतलं, पण हात लावायला बिचकायचे. "महिनाभर बघू," म्हणाले. मी त्याच दिवशी घरी पत्र टाकलं, नोकरी पक्की झाली म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात येवल्याचे एक पैठणीवाले शेठ आले. नव्या व्हॅनच्या दोन्ही दारांवर मोर हवा, पदरावर असतो तसा. चित्र स्कॅन करून मी त्याच्या कडेनं ठिपके द्यायला बसले. ते ठिपके, म्हणजे नोड, जोडत रेष जाते आणि त्याच रेषेवरून मशीनचं पातं रेडियम कापतं. मला रेषेचा भरवसाच नव्हता. दोन ठिपक्यांत जरा अंतर पडलं की वाटे, ही आता भलतीकडे जाणार. म्हणून सुतासुतावर ठिपका. एकट्या मानेवर एकशे बारा! वर स्वतःचं कौतुक वाटत होतं, ते वेगळंच.

पातं दर ठिपक्याला थबकलं. काकांनी मोर उचलला तर मान टरकली. उरलेल्या कडेला दाते.

शेठ म्हणाले, "ताई, मोर सांगितला होता मी. ही तर करवत आहे."

"पातं बोथट झालंय," मी ठोकून दिलं. काकांनी ते सकाळीच बदललं होतं.

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं. "अगं, मुंग्या लागल्यात का याला?" मग चहाच्या ओघळात बोट बुडवून काउंटरच्या काचेवर मान काढली. "वळण सुरू होतं तिथं कुंचला टेकायचा, संपतं तिथं उचलायचा. मधे हाताला जाऊ द्यायचं. पूस ते सगळे."

पहिला ठिपका पुसताना मी डोळे मिटले. मान मोडली नाही. वळणाच्या दोन टोकांना उरलेल्या ठिपक्यांना मिशांसारख्या दांड्या होत्या. तीन आठवडे मी त्यांना चुकून आलेला कचरा समजत होते. दांडी ओढली तशी रेष वाकली, अगदी मोरासारखी.

पण मधला एक ठिपका मी ठेवला. आधाराला असू दे, म्हटलं.

मोर दारावर चढले. शेठ खूश, फक्त गळ्याकडे बघत म्हणाले, "यानं काय गिळलंय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात वाशीमच्या एसटीची वेळ आठवत होते.

"द्राक्ष," काका म्हणाले. "नाशकातला मोर आहे, शेठ."

व्हॅन गेल्यावर ते एवढंच बोलले, "घाबरट कुठली! उद्या ये आणि तो उरलेला एक ठिपकापण काढ."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तासभर मी बंद शटरपाशी उभी होते.