सोपानरावांचे शेरे

८ फेब्रुवारी, रविवार. उद्या सकाळी कारखान्यात कामगारांचे कान तपासणारी गाडी येणार आहे. शिफ्टप्रमाणे माणसांची यादी आज संपवायची, म्हणून सुट्टी असूनही दिघीहून भोसरीला आले. स्टोअर, हजेरी आणि कुणालाच नको असलेली कामं माझ्याकडे असतात. गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून नावं उतरवताना एका नावावर रेघ मारावी लागली. सोपानराव दिवाळीत निवृत्त झाले.

मी इथे लागले त्या दिवशी ते चाचणीच्या टेबलाशी उभे होते. लाकडी दांडीचं एक टोक चालू गिअरबॉक्सवर, दुसरं उजव्या कानाला, डोळे मिटलेले. मला वाटलं, यांची दाढ दुखते आहे. नंतर कळलं की तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स फिरवून, त्याचा आवाज ऐकून तो पास की नापास हे ठरवणं हीच त्यांची नोकरी. दात्यात बारीकशी खोट असली तरी गिअर शीळ घालतो. ती शीळ त्यांना सगळ्यांच्या आधी ऐकू यायची.

कामावर गिअर आणि कामाबाहेर बाकीचं सगळं जग, त्यांची तपासणी चालूच असे. चाकणजवळच्या गावातले शेतकरी कुटुंबातले गृहस्थ. घरी भजन, लहानपणापासून हातात झांजा. एकदा एक परदेशी फिटर यंत्र बसवायला आला आणि जाताना रॉक संगीताच्या चार कॅसेट ठेवून गेला. सोपानरावांनी त्या दांडी कानाला लावल्यासारख्याच ऐकल्या आणि तेव्हापासून सुटले नाहीत. शब्द एकही कळत नसे. "कशाला कळाया पाहिजेत?" ते म्हणायचे. "गिअर काय मराठीत बोलतो व्हय?"

सिनेमा शुक्रवारी, पहिली शिफ्ट संपल्यावर. शनिवारी चहाच्या वेळी शेरा. एका सिनेमात नायक कारखान्यात कामगार होता. सगळ्यांना आवडला. सोपानराव म्हणाले, "लेथ बंद हाय, आन् ठिणग्या उडत्यात. पुढं त्यो रडला, तरी माजा इश्वास बसंना."

"मग उठून यायचं होतं," मी म्हटलं.

"तसं न्हाई मॅडम. नापास करायचं तर माल शेवटपतुर तपासावा लागतो. अर्ध्यातनं उठनारा निस्ता कटाळलेला असतो."

हे त्यांचं तत्त्व मला पटलं होतं. माझ्या नवऱ्यालाही ऐकवून पाहिलं, उपयोग झाला नाही.

इमारतींच्या बाबतीत ते जास्तच कडक. महाळुंग्याला आमच्या दुसऱ्या शेडच्या कामासाठी आम्ही कंपनीच्या गाडीने जायचो, तेव्हा रस्ताभर ऐकावं लागे. पश्चिमेला नखशिखांत काच लावलेलं एक ऑफिस होतं. "ह्ये बगा. आदी ऊन आत घ्यायचं, मंग त्येला हाकलाया एसी लावायचा." एका बंगल्याच्या खोट्या खांबांकडे बोट दाखवून, "ह्यो खांब काय धरतो इचारा त्येला. कायबी न्हाई. पाव्हना हाय." त्यांना आवडे ते उघडं काँक्रीट, सरळ रेघ, जिथे भार जातो तिथे जाड आणि बाकी ठिकाणी बारीक. भोसरीतली सर्वांत सुंदर इमारत कोणती, असं विचारलं तर ते आमच्याच जुन्या शेडचं नाव घेत. करवतीच्या दातांसारखं छप्पर आणि प्रत्येक दातात उत्तरेकडून येणारा उजेड. "सावली न पाडता काम दाखवितंय. आजून काय पाहिजे?" त्यानंतर मी पहिल्यांदा मान वर करून ते छप्पर नीट पाहिलं. चौदा वर्षं त्याखाली वावरत होते.

त्यांच्या लाडक्या बँडचा बऱ्याच वर्षांनी नवा अल्बम आला, तेव्हाची गोष्ट. सोपानरावांनी जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून तो सलग तीन दिवस ऐकला आणि चौथ्या दिवशी शेरा दिला. "नापास. झांजाच काढून टाकल्यात. निस्ता ढोल. म्हातारे झाले गडी." पुढचा आठवडाभर त्यांनी हे वेल्डिंगवाल्यांना, कँटीनवाल्या काकूंना आणि गेटवरच्या वॉचमनला सांगितलं. मग हेडफोन घेऊन माझ्या टेबलाशी आले. "तुमीच सांगा, मॅडम. तुमाला ह्यातलं कळत न्हाई, म्हंजी तुमी खरं सांगाल."

मी दोन मिनिटं ऐकलं. "सोपानराव, पितळेची ताटं पडावीत तसा आवाज येतोय. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"चेष्टा करताय."

"मला कामं आहेत. चेष्टा कशाला करू?"

ते हेडफोन गुंडाळून निघून गेले. मी चलनं लिहायला घेतली, पण मन लागेना. ज्या कानांनी कारखान्याचा माल बाहेर पडतो त्या कानांबद्दल आपण आत्ता काय म्हणालो, हे मला जरा उशिरा उमगलं.

त्याच महिन्यात कान तपासणारी गाडी आली. गाडीत काचेची खोली असते. आत बसायचं, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. ऑपरेटर बाहेर बसून एकेक आवाज सोडतो. मी यादी घेऊन दारात उभी होते. सोपानराव आत बसले आणि त्यांचे डोळे कुठे आहेत ते मला दिसलं. ऑपरेटरच्या कोपराकडे. कोपर हललं की बटण. किती वर्षं असे पास होत होते कोण जाणे.

मी खोलीचं दार उघडलं. "सोपानराव, भिंतीकडे तोंड करून बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खुर्ची स्वतःच फिरवली.

उजव्या कानाचे वरचे आवाज गेले होते. डावा बराच बरा होता. कागद त्यांनी घडी करून खिशात घातला आणि टेबलाशी जाऊन दांडी डाव्या कानाला लावली. दोन दिवस तसंच काम केलं. मालकांना सांगायचं की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे होता. सांगितलं तर त्यांना त्या टेबलावरून हटवणार, आणि त्या टेबलाशिवाय सोपानराव कोण, हे मलाही सांगता आलं नसतं. न सांगितलं तर खोट असलेला माल जाणार. तिसऱ्या दिवशी सांगायचं, असं मी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या आधी येऊन बसले होते. समोर रजिस्टर. "गोदामात माज्या हातचे छत्तीस गिअरबॉक्स हायेत. समदे परत लावा. मोजनी यंत्रावर लावा, माज्या कानावर न्हाई."

"मालकांना..."

"सकाळीच सांगितलं."

छत्तिसांतले चार शीळ घालत होते. नापासाचे कागद त्यांनी स्वतः भरले. कारणाच्या रकान्यात दात्याचा दोष लिहिला, आणि त्याखाली, 'तपासनीसाने ऐकला नाही' असं लिहून सही केली. मालकांनी त्यांना मापं तपासण्याच्या टेबलावर बसवलं. तिथे डोळे लागतात, आणि डोळ्यांत कुणी खोट काढू शकत नव्हतं.

मग दुपारी ते वेल्डिंगला गेले, कँटीनमध्ये गेले, गेटवर गेले. ज्यांना ज्यांना शेरा ऐकवला होता त्या प्रत्येकाला सांगून आले, "अल्बम पास हाय. कान नापास." वॉचमन ते कधीचाच विसरून गेला होता. त्याला आधी सगळं आठवून दिलं आणि मग शेरा मागे घेतला.

त्यानंतर साडेतीन वर्षं मापांच्या टेबलावर मजेत काढली. कानाचं यंत्र आलं, त्यालाही शेरा मिळाला, "आवाज येतो, वजन न्हाई येत." आता गावी असतात. परवाच फोन आला होता. नवं देऊळ बांधतायत, त्याच्या कळसाबद्दल वीस मिनिटं बोलले. गावकरी वैतागले असणार.

यादी चार वाजता संपली.

सोमवारी सकाळी गाडी आली. ऑपरेटर तार जोडत होता, तोवर मी पाना मागवून आतली खुर्ची भिंतीकडे फिरवून घट्ट करून घेतली. "मॅडम, अशी नसते," तो म्हणाला. मी त्याला यादी दिली आणि पहिल्या नावाला हाक मारली.