मेलेल्यांची मोजणी

माझी धाकटी बहीण प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं मेलेले जीव मोजत होती. समुद्रातल्या स्पंजाला ना पळता येतं ना चावता; अंगातल्या विषावरच तो तगतो. ते विष किती जहाल, हे ही मंडळी तपासतात. स्पंजाचा अर्क स्पिरिटमध्ये काढायचा, कुपीत ओतून स्पिरिट पूर्ण उडू द्यायचं, मग खारं पाणी घालून कोलंबीसारख्या जिवाची दहा बारीक पिल्लं सोडायची. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली मेलेली मोजायची. शेजारच्या कुपीत अर्क नसतो, बाकी सगळं तेच. तिथली पिल्लं जगलीच पाहिजेत.

गेल्या महिन्यात तिथलीच नऊ मेली. धाकटीला कारण लगेच कळलं. तिच्या वरिष्ठ सरांना घाई, म्हणून त्यांनी कुप्या वाळायच्या आधीच पाणी ओतायला लावलं होतं. पिल्लं स्पिरिटने मेली, स्पंजाचा संबंध नाही.

"सर, परत करायला हवं."

"मावशी, परवा परिषद आहे. तिथे शून्य लिहा."

"नऊ आहेत."

"चष्मा बदला."

"बदलला तर दहावंही दिसेल, सर."

तिने नऊच लिहिलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा माझ्या हातातली सुरी ओट्यावर आपटली. "ताई, ओटा फुटेल," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने कुप्या नीट वाळवून प्रयोग पुन्हा लावला. दोन्हीकडची सगळी पिल्लं जिवंत. बिचारा स्पंज अगदीच निरुपद्रवी निघाला.

सरांनी त्या निकालाचा कागद घडी करून खिशात घातला आणि परिषदेच्या लेखात स्वतःच शून्य लिहिलं. वर निर्लज्जपणा असा, की शेवटी 'काटेकोर मोजणीसाठी' धाकटीचे आभार. सत्तावीस वर्षांत तिचं नाव कधी छापलं नव्हतं, ते आता खोट्याला टेकू म्हणून.

ती सरांकडे गेली. "माझं नाव काढा."

"अहो, लोक यासाठी तडफडतात."

"पिल्लंही तडफडली. नाव काढा."

नाव निघालं, शून्य राहिलं, आणि सोमवारपासून ती भांडारात रिकाम्या बाटल्या लावायला. माझं डोकं फिरलं. संचालकांना पत्र लिहिते म्हटलं, तर म्हणाली, "लिहिलंय मी. दोन्ही दिवसांच्या आकड्यांची नक्कल जोडली आहे. तू फक्त एकदा वाच."

वाचलं. मुद्देसूद होतं. सरांना मात्र 'आदरणीय' म्हटलं होतं. तेवढं मी खोडलं आणि पाकीट स्वतः नेऊन दिलं.