ढोलावरचा तळहात

"बंद कर! अरे ओ झिपऱ्या, बंद कर ते!"

नवरदेवाचा मामा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लोंबकळून ओरडत होता, हे मला नंतर सांगण्यात आलं. त्या वेळी मला दिसत होतं ते फक्त एक उघडमिट करणारं तोंड आणि त्यातले पानाने रंगलेले दात. ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. मी ड्रम वाजवत होतो, आणि त्या दुपारी असा वाजवत होतो की पांझरा नदी उलटी वाहिली असती. उन्हाळ्यामुळे नदीत पाणी नव्हतं, म्हणून धुळं वाचलं.

ट्रॉलीवर आम्ही चौघं होतो, जळगावचा एकमेव रॉक बँड. एकमेव म्हणजे दुसरा कोणी काढला नाही, कारण पहिल्याचे हाल सगळ्यांनी पाहिले होते. आमच्या इंग्रजी गाण्यांवर जळगावात कोणी मान डोलवत नव्हतं, म्हणून आम्ही लग्नं घ्यायचो. हा नवरदेव गिटारवाल्याचा कॉलेजातला मित्र. त्याला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत इंग्लिश बँडच पाहिजे होता. माझं गाव धुळं. त्यामुळे मी काळा चष्मा लावून, केस खांद्यावर सोडून बसलो होतो, कोणीतरी ओळखीचं बघावं म्हणून.

मिरवणूक एका गल्लीत वळली आणि दोन्ही गिटारी थांबल्या. मग गाणारा थांबला. मी मान वर केली तर अख्ख्या गल्लीने दोन्ही हात वर केलेले. गॅलरीतल्या बायका, ओट्यावरचे म्हातारे, घोड्यावरचा नवरदेवसुद्धा हात हलवतोय!

आता मला सांगा, रॉक बँडात बाकीचे एकाएकी थांबतात ते कशासाठी? ड्रमवाल्याला सोलो द्यायला. तीन वर्षं मी गिटारवाल्याच्या मागे लागलो होतो, की बाबा, एकदा तरी मला एकट्याला वाजवू दे. मला वाटलं, शेवटी माझ्या गावात, माझ्या माणसांपुढे याने मन मोठं केलं. मी डोळे मिटले आणि सुटलो.

हात वर झाले होते ते मला थांबवण्यासाठी. मामाने जनरेटर बंद केला होता, म्हणून गिटारी मेल्या होत्या. माझ्या ड्रमला वीज लागत नव्हती. त्या गल्लीत सकाळी एक माणूस वारला होता, आणि ज्याने मला काठी कशी धरायची ते शिकवलं तोच तो माणूस. आमचे आबा.

आबा धुळ्यातल्या एका बँड पार्टीत मोठा ढोल वाजवायचे. अंगाने एवढेसे. लाल कोट घालून ढोल गळ्यात अडकवला की समोरून फक्त ढोल, टोपी आणि दोन पाय दिसायचे, जणू ढोलच लग्नाला निघालाय. कॉलेजात असताना कुणाच्या तरी मामाने आणलेली परदेशी कॅसेट ऐकून मी बिघडलो आणि शिकायला त्यांच्याकडे गेलो. शहरात ड्रम शिकवणारा दुसरा कोणी नव्हताच. पहिले सहा महिने त्यांनी मला ढोलाला हात लावू दिला नाही. ज्वारीच्या पोत्यावर वाजवायला लावलं. मी ते इतकं बडवलं की त्या वर्षी त्या घरातली ज्वारी गिरणीत न्यावी लागली नाही, अक्का पोत्यातून थेट पीठच काढायच्या.

अक्का म्हणजे आबांच्या बायको. मी बाहेर ओट्यावर वाजवायचो आणि आतून त्यांच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा. तो बरोबर माझ्या ठेक्यात पडायचा. कधीकधी मधेच बंद व्हायचा. मला वाटायचं, भाकरी झाली असेल. पुढे लक्षात आलं की माझा ठेका जिथे चुकायचा तिथेच ती भाकरी थांबायची.

माझी खोड एकच होती. तुकडा संपत आला की मी सुसाट सुटायचो. आबा ओरडायचे नाहीत. उठायचे, तळहात ढोलाच्या कातड्यावर सपाट ठेवायचे, आणि ढोल मुका व्हायचा. मी मारतोय, टिपरू बसतंय, पण आवाज नाही. मग म्हणायचे, "शेवटले घाई करस तू." एवढंच. हात काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

हाताचा दुसराही एक कायदा त्यांनी मला शिकवला. बँडवाल्यांत तो सगळ्यांना माहीत असतो. वाटेत मयताचं घर लागलं की गल्लीच्या तोंडाशीच वाजवणं थांबवायचं. पण ढोलवाल्याचं काम एवढ्यावर संपत नाही. मोठा ढोल चालताना नुसता धक्का लागला तरी घुमतो. म्हणून ते घर ओलांडेपर्यंत त्याच्यावर हात दाबून धरायचा. "तो हालना तरी बोलस," आबा म्हणायचे. "हात ठेव."

मी जळगावला बँड काढला तेव्हा बाकी सेट इकडून-तिकडून जमवला. साइड ड्रम एका शाळेच्या पथकातला, झांज भजनातल्या टाळांच्या खानदानातली. मोठा ड्रम काही मिळेना. आबांनी स्वतःचा जुना ढोल काढून दिला. सायकलवाल्याकडून ब्रेकच्या सळ्या आणि सीटची स्प्रिंग लावून मी त्याला पायाने मारायचं पेडल बसवलं. आबांनी ते पाहिलं, एकदा पाय मारून बघितला, आणि पोट धरून हसले. "आते ढोलले लाथ मारशी का?" म्हणाले. पण दिला.

तोच ढोल त्या दिवशी ट्रॉलीवर होता. आबांचा ढोल, आबांच्या गल्लीत. घराला नवा रंग दिलेला होता आणि मला काळा चष्मा होता, म्हणून मी गल्ली ओळखली नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मी गल्लीकडे बघतच नव्हतो. लोक माझ्याकडे बघतायत का, एवढंच बघत होतो.

सोलो किती वेळ चालला? मी लोकांना वीस मिनिटं सांगतो. गिटारवाला म्हणतो दीड. पण तसं मी पुन्हा आयुष्यात वाजवलं नाही, एवढं मात्र सगळेच कबूल करतात. शेवटाला आलो, टाळ्या किती पडतात ते पाहायला डोळे उघडले. ट्रॉली आबांच्या दारासमोर होती. ओट्यावर आंघोळीच्या पाण्याचं तपेलं, ओट्याखाली बांबू, आणि दारात अक्का. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. ढोलाकडे बघत होत्या.

माझा पाय थांबला. हात हवेत राहिले. आणि ढोलावर तळहात ठेवायचं, एवढं एकच काम त्या क्षणी करण्यासारखं होतं, ते मला सुचलं नाही. ट्रॅक्टर खडबडत पुढे गेला आणि ढोल गल्लीच्या टोकापर्यंत घुमत राहिला, हूं, हूं, हूं.

मी उतरून मागे गेलो नाही. मांडवात गेलो. लोक म्हणाले, झालं ते झालं. मी जेवलोसुद्धा. आबांना नेलं तेव्हा मी जिलेबी खात होतो. त्या जिलेबीची चव मला सांगता येणार नाही. त्यानंतर कुठलीच जिलेबी खाल्ली नाही.

पुढचा कार्यक्रम जळगावच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला होता, भर दुपारी, मैदानात. गिटारवाल्याला माझा धुळ्याचा सोलो इतका आवडला होता की त्याने आता कार्यक्रमातच ठेवून दिला. मी सुरू केला. सगळं छान. शेवटाकडे आलो, पेडल मारलं, आणि ढोल मुका. टिपरू कातड्यावर बसताना मला दिसत होतं. पायाला दणका लागत होता. पण आवाज येत नव्हता. ओल्या सरकीच्या गोणीवर मारावं तसं. पोरं ओरडत होती, शिट्ट्या मारत होती. मी खाली वाकून पाहिलं, कातड्यावर काही नव्हतं.

"अरे, ढोल गेला ना शेवटी!" मी खाली उतरल्यावर गिटारवाल्याला म्हणालो.

"कोणता ढोल? माझ्या छातीत दणके बसत होते."

कोणीतरी टेपवर रेकॉर्ड केलं होतं. चौघांनी बसून ऐकलं. तिघं मान हलवत होते, ढुम्म आला की बोट वर करून दाखवत होते, हा बघ, हा बघ. मला त्या जागी फक्त झांज ऐकू येत होती.

मी कातडं बदललं. वाद्या बदलल्या. असोद्याला केळीच्या एका बागायतदाराकडे वाजवायचं होतं, तिथे इतक्या जोरात वाजवलं की त्याचे कच्चे घड झाडावरच पिवळे झाले. पण शेवट आला की ढोल मुका. दोंडाईच्याला तर मी स्टेशनाच्या अलीकडच्या मैदानात असा दणका दिला की गाडी घाबरून वेळेवर आली. सगळ्या दोंडाईच्याने ऐकलं. मी नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, कोणीतरी ढोलापलीकडे उकिडवं बसलंय, एवढंसं अंग, लाल कोट, आणि हात ठेवून आहे. माझी खात्री होती, सुतक अजून फिटलेलं नाही. मी त्यांच्या दारात ठेवायचा होता तो हात ते आता ठेवतायत.

मी सोलो वाजवणं सोडलं. सोलो नको म्हणणारा ड्रमवाला म्हणजे रस्सा नको म्हणणारा जावई. गिटारवाल्याचं आणि माझं वाजलं. पुढे तबल्यापासून ड्रमपर्यंत सगळं एका बटणावर वाजवणारा कीबोर्ड आला, आणि मला काढायची वेळच आली नाही, मीच गळालो. धुळ्याला एका कचेरीत आवक-जावक लिहायला लागलो. केस कापले. लग्न झालं. ढोल कपाटावर गेला.

कपाटावर त्याच्यावर धूळ बसायची, धुळ्यातच होता तो, बसणारच. पण मधोमध एक जागा स्वच्छ राहायची. तळहाताएवढी. मी थापा मारतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हे खरं ठरवायला मी बायकोला वर चढवून दाखवलं.

ती म्हणाली, "मांजर बसतं तिथे."

"आपल्याकडे मांजर कुठेय?"

"शेजारचं येतं," म्हणाली, आणि उतरली. पण त्या दिवसापासून ती ते कपाट पुसायची नाही.

आबांच्या गल्लीतून मी जात नव्हतो. दोन गल्ल्या फेरा मारून कचेरीत जायचो, उन्हाळ्यातही. सहा-सात वर्षं गेली. मग एका दुपारी, कोणी काही म्हटलं नसताना, मी ढोल खाली काढला, रिक्षात घातला आणि स्वतः अर्धा बाहेर लटकत त्या गल्लीत गेलो. मला एवढंच पाहिजे होतं की अक्कांनी शिव्या द्याव्यात किंवा माफ करावं, काहीही एक, म्हणजे तो हात उठेल.

अक्का ओट्यावर खाट टाकून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या. बऱ्याच म्हाताऱ्या झालेल्या. डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कोन शे?"

"मी, अक्का. ढोल आणलाय आबांचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ढोलाकडे, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. "ठेव तठे. सावलीमा."

मी ठेवला. पायरीवर बसलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि पुन्हा बिबडे उलटायला लागल्या. एक, एक, एक, सगळे सारख्या अंतराने.

"अक्का, त्या दिवशी..."

"मी दारमाच व्हती."

"मला माहीत नव्हतं हो. हात वर केले तर मला वाटलं, लोक खूश झालेत. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलेत सगळे."

मी सगळं सांगून टाकलं, कधी कुणाला न सांगितलेलं, आणि एकही शब्द वाढवला नाही, हे लिहून ठेवतो. कॉलेजचं मैदान, टेप, दोंडाईचा, कपाटावरची जागा. म्हणालो, "त्यांनी हात ठेवलाय अक्का, उचलत नाहीत. आबांच्या दारात मी ढोल बडवला, आणि धरला नाही. तुम्ही ऐकलं ना सगळं?"

"ऐकं. बठ्ठा गल्लीनी ऐकं."

"मग सांगा ना. काय वाटलं तुम्हाला? आबांना काय वाटलं असेल?"

अक्कांनी हातातला बिबडा उलटा करून खाटेवर ठेवला, कडा दाबली, आणि पुढचा उचलता उचलता म्हणाल्या,

"शेवटले घाई करी तू."