न झालेला धूर

न झालेला धूर विकतात, माहितीय का तुम्हाला? मला कुणी पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते. आता हसू येत नाय, संताप येतो. आणि तो साळूमावशीमुळं येतो, म्हणून तिचंच सांगते.

मी रत्नमाला. राहायला चिकलठाण्याला. आधी एका कारखान्यात पॅकिंगला होते, तिथली लाईन बंद झाली, मग एका संस्थेत लागले. कामाचं नाव हातभर लांब होतं, काम एवढंच, की गावात जायचं आणि चुलीत किती लाकूड जळतं ते काट्यावर तोलायचं. व्यवहार असा होता. संस्था बायांना फुकट शेगडी देणार. शेगडीत लाकूड कमी जळणार. जेवढं कमी जळलं, तेवढा धूर झालाच नाय. मग त्या न झालेल्या धुराचं टनावर प्रमाणपत्र करायचं आणि लांबच्या देशातल्या एखाद्या कंपनीला विकायचं, म्हणजे तिनं तिचा धूर निवांत सोडावा. याला कार्बन क्रेडिट म्हणतात. बाजार ऐच्छिक आहे, कुणावर सक्ती नाय, असं आमचे शिवम सर दर मीटिंगला सांगायचे. आम्ही घेतलेलं गाव त्यात नमुन्याचं. इथं जमलं की ह्याच नमुन्यावर नियम बनणार, आणि हीच शेगडी चारशे गावांत जाणार.

गाव बिडकीनच्या पलीकडं. साळूमावशी तिथली. पंचावन्नच्या आसपास, ठेंगणी, आवाज खणखणीत. नवरा कडूबा बारा वर्षांमागं वारला, पोरगा गोकुळ बिडकीनच्या बाजूला नव्या कंपनीत पाळीवर जातो, घरात सून आणि दोन नातवंडं. मावशीचं काम चुली घालायचं. पांढरी माती, भुसा, घोड्याची लीद, पायानं तुडवून तीन दिवस मुरवायची. निम्म्या गावाच्या चुली तिच्या हातच्या. नवी सून आली आणि दोन वर्षांत वेगळी चूल मांडायची वेळ आली, की मावशीला बोलावणं. "भावाभावांत भांडणं लागावीत असं मला वाटत नाय गं," ती म्हणायची, "पण लागली की मला लुगडं मिळतं!"

दुसरं म्हणजे तिची भाकर. सप्त्याची पंगत असो नायतर लग्नघर, भाकरीच्या चुलीपुढं साळूबाईच. ज्वारीची, ताटाएवढी, टम्म फुगलेली. पाहुणा मग तो पटवारी असो का भंगारवाला, त्याला वाढायची भाकर ती स्वतःच्या हातानं करणार, सुनेला हात लावू देणार नाय. "घरी आलेल्याच्या पोटात माझ्या हातनं कच्चं जाणार नाय," हे ती सहज बोलायची, पण ते तिचं व्रत होतं.

आता कुणी म्हणेल, जुन्या चुलीचा लळा असेल बाईला. लळा कसला! तीस वर्षं धूर खाऊन तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळतं, पहाटे खोकल्याची उबळ आली की भिंतीला धरून बसते. गॅसची टाकी आहे, ती चहापुरती जपून वापरायची. नवी शेगडी येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. जुनी चूल फोडून तिचा फोटो दिल्याशिवाय घर यादीत धरत नव्हते. पहिल्या फेरीत वीस घरं होती. मावशीनं सगळ्यांच्या आधी नाव दिलं आणि स्वतःच्या हातची चूल स्वतःच पहारीनं फोडली. फोटोत ती हसतेय. तो फोटो आता बघवत नाय मला.

शेगडी लोखंडी, गोल, दिसायला झकास. मावशीनं ती ग्रामपंचायतीच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा बघितली तेव्हाच वाकून शेगडीच्या तोंडात हात घातला. हात मनगटापाशीच अडकला.

"साहेब, तोंड लई बारीक हाय," ती शिवम सरांना म्हणाली. "हितं इस्तवाचा आर कुठनं ओढायचा भायेर? भाकर काय तव्यावरच होत नसती. तव्यावरनं काढून चुलीच्या तोंडाशी आराला लावून उभी करावी लागती, तवा ती फुगती. अन् आमच्या कापसाच्या पऱ्हाट्या ह्या एवढ्या लांब. त्या काय कांडकं करून घालायच्या?"

"मावशी, तोंड लहान म्हणूनच लाकूड कमी जळतं," सर म्हणाले. "याची प्रयोगशाळेत चाचणी झालीय. बचतीचा आकडा मंजूर झालाय. आता एक इंच बदललं तर सगळं पहिल्यापासून."

"मग करा की पहिल्यापासून! आजून एकबी वाटली नाय तुमी."

सगळे हसले. मीटिंगचा अहवाल मीच लिहिला होता. त्यात मी लिहिलं होतं, तोंड मोठं करावं अशी महिलांची सूचना. दोन दिवसांनी छापून आला त्यात होतं, महिलांनी समाधान व्यक्त केले. मी सरांना विचारलं, तर म्हणाले, "रत्नमाला, सूचना लिहिली की उत्तर लिहावं लागतं." आणि मी गप्प बसले. मला नोकरी हवी होती. तेव्हाच तोंड उघडायला काय झालं होतं मला!

जानेवारीत तीन दिवसांची चाचणी आली. पद्धत अशी, की सकाळी प्रत्येक घरी लाकडाचा ढीग तोलून द्यायचा, सांगायचं की ह्यातलंच जाळा, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं तोलायचं. ड्रायव्हर मोहियोद्दीनभाईच्या जीपमधून मी रोज जायची, वीसही घरं फिरायची, घरोघरी आग्रहाचा भाकरतुकडा घ्यायची, आणि दुपारी मावशीकडं पोटभर जेवायची. कशी फुगलेली, खरपूस, काळे ठिपके पडलेली भाकर, सोबत ठेचा आणि वांग्याचं भरीत. दोन-दोन खाल्ल्या मी. बोटं चाटली. आणि काट्यावर लाकूड जुन्या चुलीच्या निम्म्यावर आलं होतं. वीसही घरांत तेच. ऑफिसात पेढे वाटले. आकड्यांच्या प्रत्येक कागदाखाली माझी सही.

मार्च महिन्यात बिडकीनच्या बाजाराला गेले होते, वाटलं मावशीला भेटून यावं. न सांगता गेले. बघते तर मावशी डोक्यावर काठवट, तीत मळलेलं पीठ, हातात तवा, शेजारी निघालेली. शेजारी तिची थोरली जाऊ आवडाबाई राहते. आवडाबाईचं नाव दुसऱ्या फेरीत होतं, म्हणून तिची चूल अजून शाबूत होती. मी मागोमाग गेले. मावशीनं तिथं बसून भाकर थापली, तव्यावर टाकली, उलटली, आणि लाल आर पुढं ओढून त्याला भाकर टेकवली. ती फुगली, तिला काळे ठिपके पडले.

तेच ठिपके. जानेवारीत तीन दिवस मी तेच ठिपके बघत जेवले होते. त्या शेगडीत आर बाहेर येतच नाय, तर ठिपके पडणार कुठून? अगं बाई, खेड्यात जन्मलेली मी, आईच्या चुलीपुढं वाढलेली, आणि मला हे दिसलं नाय!

"मावशी, त्या तीन दिवसांतबी भाकरी हितंच केल्या?"

"मग कुठं करणार?" ती मान वर न करता म्हणाली.

"आणि बाकीच्या बायांनी?"

"ज्येनं त्येनं शेजारी केल्या. कालवण तेवढं तुमच्या शेगडीवर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी तुम्हाला सांगितलं नव्हतं का? सगळा स्वैपाक शेगडीवरच करायचा, त्याच ढिगातलं लाकूड जाळायचं! आवडाबाईच्या घरचं लाकूड कुणी तोललं? सगळं खोटं झालं की! मला फसवलं तुम्ही!"

मावशीनं तवा खाली आपटला. "फसवलं? तोंड सांभाळ! तू तीन दिस माझ्या दारात आलीस. उन्हातनं आलेल्या लेकीला कच्ची भाकर वाढू व्हय? त्या डबड्यावर मधी जळती अन् कडंला पीठ राहतंय. अशी वाढू तुला? तुला भाकर चांगली लागली, तवा इचारलंस का कुठं केली म्हणून? मीटिंगीत म्या सांगितलं व्हतं, तोंड बारीक हाय. कुठं गेलं ते लिवलेलं?"

वीस घरांत वीस बायांनी मला पाहुणी समजून माझी लाज राखली, आणि मी त्या लाजेचा आकडा करून दिल्लीला तपासणीला पाठवला. आमच्याच बाया असं करू जाणोत. तोलणारी बाई उपाशी किंवा कच्चं खाऊन जाता कामा नये, हे त्यांना इतकं उघड वाटलं, की कुणाला सांगायचंही सुचलं नाय.

दुसऱ्या दिवशी शिवम सरांना सगळं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं. म्हणाले, आकडे पुढं गेलेत, आठ दिवसांनी दिल्लीचे तपासनीस येतायत, त्यांनी शिक्का मारला की दुसरी फेरी. गावातल्या उरलेल्या सगळ्या चुली फुटणार आणि हाच नमुना चारशे गावांत जाणार.

"सर, आवडाबाईची फुटली की साळूबाईनं भाकर करायची कुठं? अख्ख्या गावानं करायची कुठं?"

"सवय होईल," सर म्हणाले. "आणि आकड्यांखाली सही तुझी आहे, विसरू नकोस."

सवय होईल! यांच्या घरी गॅसवर फुलके होतात, आणि दीडशे घरांनी कच्चं खायची सवय करायची. का, तर कुठल्या तरी कंपनीला न झालेला धूर पाहिजे. मी त्या संध्याकाळीच गाव गाठलं. मावशीला म्हटलं, तपासनिसांना खरं सांगा.

"बोलून काय हुतंय?" मावशी म्हणाली. "मागं बोलले तवा समाधान लिवलं. अन् बाकीच्या बाया पाव्हण्याम्होरं वाईट बोलायच्या नायत. चांगलं हाय म्हणतील, च्या पाजतील." ती उंबऱ्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "त्यो जेवणार हाय का?"

"गावात जेवतात. तसं ठरलंय."

"मग माझ्याकडं जेवू दे."

तपासनीस आले, उंच, चष्मेवाले, हिंदी बोलणारे, माणूस सभ्य. सरांच्या निरोपानं घरोघरी शेगड्या घासून ठेवलेल्या. सात-आठ घरांत बाया तोंडभर हसून म्हणाल्या, बढिया है साब. ते लिहीत गेले. शेवटी मावशीच्या घरी पाट मांडला. सर माझ्याकडं बघून डोळे वटारत होते.

मावशीनं त्यांच्यासमोरच त्या शेगडीवर भाकर केली. जिच्या थापण्याचा ठेका अख्ख्या पंगतीला ऐकू जायचा, तिची भाकर त्या दिवशी काठवटीत दोनदा फाटली. तव्यावर मधे काळी झाली, कडेला पांढरीच राहिली. मावशीनं ती ताटात ठेवली, भरीत वाढलं आणि ताट त्यांच्यापुढं सरकवलं. सुनेनं तोंडावर पदर घेतला. आवडाबाई दारातून ओरडली, "अगं साळू, काय करतीस?"

तपासनिसांनी कडेचा तुकडा मोडला. पीठ बोटांना चिकटलं. त्यांनी तो तोंडात घातला, चावला, कसाबसा गिळला आणि हसून म्हणाले, "बहुत अच्छी है, माताजी."

"झूट मत बोलो!" मावशी एवढ्यानं ओरडली, की नातवंडं दचकली. "कच्ची है. कच्ची बोलो. तुमकू बी शरम आती, हमकू बी शरम आती, ऐसाच सब कागद पे अच्छा लिखके जाता."

"ती आज घाबरलीय," सर घाईनं म्हणाले, "रोज छान—"

"रोज?" मावशी सरांकडं वळली. "रोज आमी हेच्यावर भाकर करतच नाय."

तपासनिसांनी पेन खाली ठेवलं. "फिर वो तीन दिन के आंकडे?"

सर माझ्याकडं बघत होते. मावशी मात्र बघत नव्हती, तिनं माझ्यावर काहीच ढकललं नाय. मीच पुढं झाले. "आंकडे मेरे हैं, साहब. गलत हैं. बीसों घरांत भाकरी शेजारच्या चुलीवर झाल्या, ते लाकूड तोललंच नाय. मैं लिखके देती हूँ."

आणि तिथंच बसून लिहून दिलं. त्यांनी फाईलवर आडवी रेघ मारली आणि शिक्का पिशवीत घातला. दुसरी फेरी थांबली, शेगडी पुन्हा प्रयोगशाळेत गेली, माझी नोकरी त्याच आठवड्यात सुटली. तोंड मोठं करतील का नाय, देव जाणे. हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी मावशीनं त्यांच्यापुढचं ताट उचललं. शेजारी गेली, आवडाबाईच्या चुलीवर गरम भाकर केली, आणून वाढली, वर तुपाची धार सोडली. "आता जेवा," म्हणाली. ते खाली मान घालून जेवले, आम्हीही जेवलो. मावशी भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तर तिनं तो झटकला.

"पाव्हण्याला कच्चं घातलं म्या," ती म्हणाली. "माझ्या हातनं. तुमच्या कागदानं घालाया लावलं."