नावाखालचा तांबडा किताब

मी शब्द फिरवला नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या खेळात सतरा दिवस माझ्या नावाखाली तांबड्या अक्षरांत 'शब्द फिरवणारी' असं लिहिलेलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं ते वाचलं.

सोलापुरात माझा शेंगदाण्याच्या चटणीचा धंदा आहे. घरातल्या उखळापासून सुरुवात केली, आज हाताखाली सहा बायका आहेत. दाणे मात्र अजून मीच घेते, आडत दुकानात स्वतः जाऊन. भाव ठरतो, दुकानदार 'घ्या' म्हणतो, मी 'बरं' म्हणते. मग पोत्यात हात घालून एक दाणा चोळते, चावते, तोंड वाकडं करते आणि पिशवी उचलून चालायला लागते. चार-पाच पावलं. मागून हाक येतेच. त्यालाही ते ठाऊक असतं आणि मलाही. हाक मारून, परत वळून, थोडं भांडून झाल्याशिवाय आमच्याकडं सौदा पुरा झाला असं कुणी धरत नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी घरात अडकले. बायका काम नीट करतात की नाही हे पलंगावरून ओरडून विचारायची, नवऱ्याला भाजी का महाग आणली म्हणून बोलायची. धाकटा भाऊ कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. आमच्या घरात अर्धी बोली कानडी, म्हणून तो मला अक्का म्हणतो. एका रविवारी भेटायला आला आणि माझा अवतार बघून म्हणाला, "अक्का, तू अशीच बसून ऱ्हायलीस तर दाजींचं काय खरं न्हाय." आणि त्यानं माझ्या टॅबवर तो खेळ घालून दिला.

खेळ म्हणजे एक अख्खा मुलूख आहे. कुठकुठली माणसं एकाच वेळी त्यात फिरत असतात, प्रत्येकाचं एक सोंग. भाऊ तलवारवाला. मला त्यानं वैदू केलं. रानातून मुळं-पाला गोळा करायचा, औषधं करायची, वेशीजवळच्या बाजारात विकायची, मुळं कमी पडली तर तिथंच विकत घ्यायची. आणि तिथले किताब राजा देत नाही, बाकीचे खेळाडू देतात. तुम्ही वागता तसं लोक मत नोंदवतात, आणि मतं साठली की नावाखाली अक्षरं उमटतात. इंग्रजीत असतात, पण भावानं मला मराठीत सांगितली. त्याच्या नावाखाली हिरव्या अक्षरांत 'भरवशाचा' आहे. चार वर्षं लागली त्याला ते मिळवायला. त्याच्या जोरावरच तो सात जणांच्या टोळीचा म्होरक्या झालेला.

बाजारात सौदा करताना दोघांचा माल समोरासमोर मांडला जातो. दोघांनी 'मान्य' दाबायचं, एकदा नजर टाकायची, मग 'पक्कं' दाबायचं. मी मान्य दाबलं, नजर टाकली आणि रद्द करून चालायला लागले. चार-पाच पावलं. हाक काही येईना. दुसऱ्या दुकानात तसंच. तिसऱ्यातही. चौथ्या दिवशी नावाखाली तांबडं उमटलं.

भावाचा फोन आला. "अक्का, काय केलंस?"

"सौदा केला."

"मान्य दाबून माघारी फिरलीस. तीनदा."

"मग? त्यानं हाक मारायला नको का?"

"हितं हाक मारत न्हाईत. हितं तक्रार करत्यात."

माझं डोकं फिरलं. भर बाजारात मी लिहिलं की ज्याला गिऱ्हाईक ओळखता येत नाही त्यानं दुकान मांडू नये. कुणीतरी उत्तर दिलं, "काकू, शांत व्हा." मी काकू आहे हे त्याला कसं कळलं, देव जाणे. त्यानंतर कुणी माझ्याशी व्यवहारच करेना. खरी अडचण वेगळीच होती. महिनाअखेर भावाची टोळी एका अवघड किल्ल्यावर जाणार होती, त्यांना वैदू हवा होता, आणि त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझी अक्का येणार. तांबड्या किताबाचा माणूस टोळीत घ्यायचा नाही, हा नियम त्यानंच केलेला.

चांगल्या किताबाचा कुणी जामीन राहिला तर सुटका होते. पुढचे दहा सौदे न मोडता करायचे, मग तांबडं पुसलं जातं. एक जरी मोडला तरी जामीन राहणाऱ्याचा किताब जातो आणि त्यालाही तांबडं लागतं. हे मला कळलं ते पडद्यावर सूचना आली तेव्हा. भाऊ जामीन राहून मोकळा झाला होता.

मी फोनवर त्याला झाडलं. "मला इचारलंस का?"

"इचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस. मग कशाला इचारू?" वर म्हणतो, "आता माझ्यासंगंच दहा सौदे कर. पाच मिंटात मोकळी हुशील."

"घरातल्या घरात मिळवलेली पत मला नको."

"मग भांड जाऊन."

मी बाजारात बसले. जामीन म्हणून भावाचं नाव दिसत होतं, त्यामुळं लोक पुन्हा सौद्याला येऊ लागले. जे काय भांडायचं ते मान्य दाबायच्या आधी, एवढं मनाशी ठरवलं. एकाशी पाऊण तास घासाघीस केली, शेवटी तोच म्हणाला, उद्या पुन्हा या, मजा आली. नऊ सौदे झाले.

दहावा किल्ल्यावरच्या औषधासाठी मुळं विकत घ्यायचा होता. वीस जुड्या ठरल्या. दोघांनी मान्य दाबलं. मी नजर टाकली, तर वीसच्या बारा झालेल्या. मान्य झाल्यावर त्यानं आठ जुड्या काढून घेतल्या होत्या. नजर न टाकणाऱ्यांना तो असाच फसवत असणार. सोलापुरात एका तराजूवाल्याचा काटा मी भर रस्त्यात उलटा धरून लोकांना दाखवला आहे. इथं माझं बोट रद्दवर होतं. तक्रार करता आली असती, पण तिचा तपास होईपर्यंत मोडलेला सौदा भावाच्या नावावर चढला असता. कारखान्यात त्याच्या शेजारी काम करणारे दोघे त्याच टोळीत आहेत. जेवणाच्या सुट्टीत ते काय बोलले असते ते मला बसल्या जागी ऐकू आलं. मी पक्कं दाबलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं गेलं होतं. त्या जागी नवीनच काहीतरी उमटलेलं. फसवणाऱ्यानं खूश होऊन माझ्याबद्दल चांगलं मत नोंदवलं होतं, आधीच्या नऊ जणांचीही मतं होतीच. भावाचा फोन आला. हसण्यामुळं त्याला धड बोलताही येईना.

"अक्का, 'मोठ्या मनाची'! दाजींना दाखवलंस का?"

"दाखवते."

"आन् एवढं काय दिलंस गं कुणाला?"

"दिलं असंल कायतरी. तुला काय करायचंय?"

किल्ल्यावर आम्ही गेलो. निम्म्या वाटेतच औषध संपत आलं, दोघे जण पडले, आणि बाकीच्यांनी कसाबसा दरवाजा गाठला. उतरताना भाऊ म्हणाला, "अक्का, मुळं कमी कशी पडली?"

"मोजायला चुकले."

"तू?"

"व्हय, मी."

तो म्हणाला, "गुडघा दुखत असंल. ऱ्हाऊ दे."

गुडघा बरा झाला, मी पुन्हा आडतीत जायला लागले. त्या जुड्यावाल्याचं नाव लक्षात आहे, त्याला मी सोडणार नाही. खेळात रोज दुपारी अर्धा तास जाते. आत गेले की आधी भाऊ कुठं उभा आहे ते शोधते आणि त्याच्या नावाखालची हिरवी अक्षरं जागेवर आहेत ना, ते बघते. मग बाजाराकडं वळते.